शून्य मैलाचं चर्च आणि कसाऱ्याची लोकल

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती आणि 'म्हणजे म्हणजे' शक्य तितके काढले आहेत. बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

 

आजचा भाग मी कसाऱ्याला, घरीच बसून रेकॉर्ड करतोय. मध्येच इंजिनाचा भोंगा ऐकू आला तर चालवून घ्या. आमच्याकडे इगतपुरीकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे, एका इंजिनाचं ते काम नाही. लहानपणापासून तो आवाज ऐकत झोपल्यामुळे मला पुण्याच्या होस्टेलवर पहिला महिनाभर झोपच लागली नव्हती.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. वय २८. आठवड्यातून तीन दिवस कसारा ते सीएसएमटी आणि परत. १२१ किलोमीटर जाणं, १२१ किलोमीटर येणं. एका बाजूला अडीच तास धरा, आणि मध्ये आसनगावला काही झालं तर धरूच नका.

आजचा विषय आहे एक चर्च. थांबा, लगेच पुढच्या भागावर जाऊ नका. हे चर्च तुम्ही रोज तोंडानं घेता, फक्त तुम्हाला माहीत नसतं. "चर्चगेटला उतरतो", "चर्चगेट स्लो आहे का?" असं आपण म्हणतो ना, त्यातलं 'चर्च' कुठलं? गेट कुठे गेलं? आणि कसाऱ्याच्या माणसाला याच्याशी काय करायचंय? तेच आज बोलू.

हेलसिंकीच्या पायऱ्या

सुरुवात मात्र फार लांबून आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये ऑफिसनं मला दोन आठवडे फिनलंडला पाठवलं होतं. हेलसिंकी. रस्त्यांच्या कडेला अजून बर्फ होता आणि मी दोन स्वेटर, त्यावर जॅकेट, त्यावर तिथल्या एका सहकाऱ्याचं आणखी एक जॅकेट घालून फिरत होतो.

हेलसिंकीच्या मधोमध एक पांढरंशुभ्र चर्च आहे. मधला मोठा घुमट हिरवा, चारी बाजूंना चार छोटे घुमट, छपरावर बारा शिष्यांचे पुतळे आणि पुढे भल्यामोठ्या पायऱ्या. हे लुथरन कॅथेड्रल. समुद्रातून बोटीनं येणाऱ्याला आधी हेच दिसतं. शहराच्या पोस्टकार्डांवर, फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकांवर, सगळीकडे हेच.

लुथरन म्हणजे काय, ते दोन वाक्यांत. १५१७ साली जर्मनीत मार्टिन लुथरनं रोमच्या चर्चविरुद्ध आवाज उठवला आणि त्यातून जो पंथ झाला तो लुथरन. उत्तर युरोपातल्या देशांनी तो स्वीकारला. इंग्लंडनं त्याच शतकात रोमशी फारकत घेतली, पण आपली वेगळी चूल मांडली. ते अँग्लिकन. म्हणजे साधारण चुलत भावंडं म्हणा. आणि कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च असं आपल्याला वाटतं, पण आकाराचा संबंध नाही. बिशपची खुर्ची जिथे असते ते कॅथेड्रल. त्या शब्दाचा मूळ अर्थच आसन.

तर मी त्या पायऱ्यांवर बसलो होतो. शेजारी तो जॅकेटवाला सहकारी. समोरच्या चौकात एक पुतळा दिसला. विचारलं, हा तुमचा कोण? तो म्हणाला, रशियाचा झार, दुसरा अलेक्झांडर. मला कळेना. फिनलंड तर १९१७ साली रशियापासून स्वतंत्र झालं. मग झार अजून चौकात कसा? त्यानं सांगितलं, अरे हे चर्चसुद्धा झारच्याच काळातलं. काम सुरू झालं १८३० मध्ये, पुरं झालं १८५२ मध्ये. ज्यानं नकाशा काढला तो कार्ल लुडविग एंगेल १८४० मध्येच वारला, त्यानं ते पुरं झालेलं पाहिलंच नाही. स्वातंत्र्यापर्यंत त्याचं नावही सेंट निकोलसचं चर्च असं होतं.

मी म्हटलं, मग हे तुमचं कसं?

तो हसला. म्हणाला, "राजा त्यांचा होता. पायऱ्यांवर आम्ही बसतो."

मग त्यानं मला उलटा प्रश्न केला. "तुझ्या शहराचं असं काय आहे?" मी पटकन गेट वे ऑफ इंडिया म्हणून टाकलं. पण रात्री हॉटेलवर विचार करत बसलो. मुंबई माझं शहर आहे का? आणि असलं तर ते नेमकं कुठे सुरू होतं?

गाडलेला दगड

हा प्रश्न मला का टोचला ते सांगतो. इंजिनिअरिंग झाल्यावर पहिल्या की दुसऱ्या मुलाखतीला मी गेलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही. टेक्निकल राउंड झकास झाला. मग शेवटच्या राउंडला बाईंनी पत्ता वाचला. "कसारा? ते मुंबईत येतं का?" मी म्हटलं, लोकल येते मॅडम. त्या म्हणाल्या, "हो, पण इतक्या लांबून..." ते वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. त्यांचा ईमेलही कधी आला नाही.

'लांबून' म्हणजे कुठून लांब? कुठल्यातरी बिंदूपासून मोजल्याशिवाय लांब-जवळ ठरत नाही. आम्ही प्रोग्रॅमर लोक मोजणी शून्यापासून करतो, त्यामुळे माझ्या डोक्यात आपोआप आलं की या शहराचा शून्य कुठे आहे?

फिनलंडहून परत आल्यावर उत्तर मिळालं, तेही पायाखाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर रोडवरून चालत होतो. फुटपाथच्या कडेला एक काळसर दगड, निम्म्याहून जास्त जमिनीत गेलेला. वर रोमन आकडा. मला आधी वाटलं, गटाराच्या झाकणाची खूण असेल. मग घरी येऊन शोधलं. हे मुंबईचे जुने मैलाचे दगड. इंग्रजांच्या काळात किल्ल्यापासून सायन आणि माहीमच्या दिशेनं जाणाऱ्या रस्त्यांवर ते बसवलेले होते. बरेचसे रस्ते उंच होत गेल्यामुळे गाडले गेले, काही तुटले. गेल्या काही वर्षांत मुंबई महापालिकेनं त्यातले काही खणून, साफ करून पुन्हा उभे केलेत.

आणि हे सगळे मैल मोजलेले आहेत एका चर्चपासून. सेंट थॉमस. फोर्टमध्ये, हॉर्निमन सर्कलच्या शेजारी. तोच मुंबईचा शून्य मैल.

मी हिशोब केला. १२१ किलोमीटर म्हणजे साधारण ७५ मैल. तसा दगड आमच्यापर्यंत आला असता तर कसाऱ्याला पंचाहत्तरावा लागला असता. पण ती मोजणी बेटाच्या टोकाला, सायन-माहीमलाच थांबायची. त्यापुढे शहर नाही. गंमत अशी की शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून त्या शहराला जातंय, पुढे भातसाचंही जायला लागलं. पाणी मोजून घेतात, दगड मात्र सायनला संपतात. असो.

चाळीस वर्षं उघड्यावर

आता चर्चची गोष्ट. ती सरळ नाही, म्हणून ऐकण्यासारखी आहे.

मुंबई इंग्रजांच्या ताब्यात नुकतीच आली होती. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरच्या काळात, १६७६ साली या चर्चचा पाया घातला गेला. पुढच्याच वर्षी तो वारला. भिंती पंधरा फूटभर वर आल्या होत्या आणि काम तिथेच थांबलं. किती काळ? जवळजवळ चाळीस वर्षं! आपल्या गावातल्या सभामंडपासारखं झालं. खांब उभे, वरून गज बाहेर आलेले, आणि पुढारी बदलले.

मग १७१४ च्या सुमारास रिचर्ड कॉब नावाचा एक तरुण पाद्री आला. त्यानं १७१५ मध्ये प्रवचनातून लोकांना लाज वाटेल असं सुनावलं आणि वर्गणी सुरू केली. १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडलं. योगायोग बघा, त्याच १७१८ साली तिकडे तमिळनाडूत तरंगंबाडीला डॅनिश वसाहतीत झिगेनबाल्ग या मिशनऱ्याचं न्यू जेरुसलेम चर्च उभं राहिलं. ते भारतातल्या सगळ्यात जुन्या लुथरन चर्चांपैकी एक. दोन चुलत भावंडांची घरं एकाच वर्षी, एक पूर्वेच्या समुद्राजवळ, एक पश्चिमेच्या.

त्या नाताळच्या दिवसाचं वर्णन कॉबनं लिहून ठेवलंय आणि त्यात एक आपला माणूस आहे. रामा कामती. मुंबईतला बडा व्यापारी, कंपनीच्या हिंदी शिपायांचा मुख्य. वाळकेश्वरचं देऊळ पुन्हा बांधण्यासाठी खर्च करणारा हाच, तेही १७१५ साली, म्हणजे इकडे कॉब वर्गणी मागत होता त्याच वर्षी. हा रामा कामती आपल्या जातभाईंना घेऊन आला आणि पूर्ण प्रार्थना संपेपर्यंत बाहेर उभा राहून बघत राहिला.

इथे गोष्ट संपली असती तर छान वाटलं असतं. पण हा काळ कान्होजी आंग्र्यांचा. समुद्रावर आंग्र्यांचं आरमार आणि मुंबईत गव्हर्नर चार्ल्स बून त्यांच्या धास्तीनं शहराला तटबंदी घालतोय. १७२० साली रामा कामतीवर आरोप आला, आंग्र्यांना फितूर असल्याचा. पुरावा काय, तर त्याच्या नावाची पत्रं. खटला झाला, मालमत्ता जप्त झाली आणि तो कैदेतच १७२८ मध्ये मेला. ती पत्रं बनावट होती असं पुढे उघड झालं. तोपर्यंत त्याचा काही उपयोग नव्हता.

मी हे वाचलं तेव्हा मला त्या दारातल्या उभं राहण्याचं जास्त वाटलं. उद्घाटनाला बोलावणं होतं, मान होता, पैसा होता. दोन वर्षांनी तोच माणूस त्यांच्या हिशोबात परका.

गेट कुठे गेलं?

बूननं जी तटबंदी पुरी करत आणली तिला तीन दरवाजे होते. अपोलो गेट, बाजार गेट आणि चर्च गेट. चर्चपासून सरळ पश्चिमेला निघालात की पाच मिनिटांत हा तिसरा दरवाजा लागायचा. म्हणून त्याचं नाव चर्च गेट, आणि त्या रस्त्याचं नाव चर्चगेट स्ट्रीट. आज तो वीर नरिमन रोड.

१८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं तटबंदी पाडली. दरवाजाही गेला. तिथे १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. १८७० मध्ये त्याच्याही पुढे, आणखी पश्चिमेला, स्टेशन झालं आणि त्याला नाव मिळालं चर्चगेट.

आमच्या कामात याला 'डँगलिंग पॉइंटर' म्हणतात. म्हणजे एक पत्ता लिहून ठेवलाय, पण त्या पत्त्यावरची वस्तू कधीच पुसली गेलीय. प्रोग्रॅममध्ये असं झालं की प्रोग्रॅम कोसळतो. शहर कोसळत नाही. दीडशे वर्षं लाखो लोक न दिसणाऱ्या दरवाजाचं तिकीट काढतायत. कितीतरी जण स्टेशनच्या बाहेर येऊन विचारतात, इथे चर्च कुठे आहे? नाहीये बाबा. किलोमीटरभर चालावं लागतं.

आणि तो दरवाजा जिथे होता ती जागा आता कुठली? हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जिथे गोळीबार झाला, माणसं पडली, ती जागा. शाळेत आपण १०५ हुतात्मे पाठ केले ना, तेच. एकाच चौकात आधी इंग्रजांच्या किल्ल्याचा दरवाजा, मग रोमन देवीचं कारंजं, मग आपला मशालवाला शेतकरी आणि कामगार. हेलसिंकीच्या चौकातला झार मला तेव्हा आठवला.

चर्चही मधल्या काळात बदलत गेलं. १८३७ मध्ये थॉमस कार हे मुंबईचे पहिले बिशप झाले आणि साध्या चर्चचं कॅथेड्रल झालं. १८३८ मध्ये मनोरा आणि घड्याळ आलं. १८६० च्या दशकात वेदीकडचा भाग वाढवला. समोर एक नक्षीदार कारंजं आहे, ते सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी दिलेलं. म्हणजे अँग्लिकन चर्चपुढे पारशी माणसाचं दान. अलीकडची दुरुस्ती वास्तुविशारद वृंदा सोमय्या यांनी केली आणि २००४ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

बाबांना घेऊन गेलो

हे सगळं वाचून झाल्यावर मी बाबांना म्हटलं, चला, तुम्हाला शून्य मैल दाखवतो.

माझे बाबा रेल्वेत होते. ट्रॅकवर. आमच्याकडे अजून गँगमनच म्हणतात. सगळी नोकरी घाटात. पावसाळ्यात रात्रीची गस्त असायची. कंदील किंवा बॅटरी, हातोडा, झेंडे आणि गाडी थांबवायला रुळावर लावायचे फटाके घेऊन दोघं जण अंधारात चालायचे. दरड आली का, दगड हलला का, पाणी कुठे तुंबलंय का बघायचं. बाबांना घाटातली कुठलीही जागा गावाच्या नावानं सांगता येत नाही, खांबाच्या नंबरानं येते. "१२४ च्या पुढं डाव्या हाताला झरा हाय." हे आकडे सीएसएमटीपासून मोजलेले. म्हणजे बाबांनी सगळी हयात दुसऱ्या कोणीतरी घातलेल्या शून्यापासून मोजत काढली, आणि त्या शून्याच्या पलीकडे मुंबईत ते फारसे कधी गेलेच नाहीत. पास होता, पण वेळ नव्हता.

रविवारी सकाळची गाडी पकडली. सीएसएमटीला उतरलो. बाहेर आल्यावर बाबा वळून इमारतीकडे बघत राहिले. मी म्हटलं, हा रेल्वेचा शून्य. रस्त्याचा शून्य इथून पंधरा मिनिटांवर आहे. बाबा म्हणाले, "दोन शून्य कशाला लागतात?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येत असेल तर कळवा.

चर्चला पोचलो तेव्हा प्रार्थना संपून लोक बाहेर पडत होते. दारातल्या काकांना विचारलं, आत जाऊ का? ते म्हणाले, "या ना, बसा हवं तेवढं." बाबांनी चपला काढल्या. काका म्हणाले, काढायची गरज नाही. बाबांनी तरीही काढल्या.

आत गार होतं. उंच छत, लाकडी बाकं, रंगीत काचा. पण नजर जाते ती भिंतींवर. दोन्ही बाजूंच्या भिंती संगमरवरी पाट्यांनी आणि पुतळ्यांनी भरल्यात. कोण कधी मेलं, कुठल्या लढाईत, कुठल्या तापानं, कुठल्या जहाजावर. बरेच जण विशीतले, तिशीतले. मी एकेक वाचून बाबांना मराठीत सांगत होतो. हा गव्हर्नर जोनाथन डंकन, १८११ मध्ये इथेच वारला. काशी आणि काठेवाडात जन्मलेल्या मुली मारायची प्रथा होती, ती त्यानं बंद केली असं त्याच्या स्मारकावर कोरलंय, दोन लहान मुलांच्या हातात तो कागद दाखवलाय. बाबा तिथे बराच वेळ थांबले.

मग एक नाव आलं, हेन्री बॉवर्स. हा रॉयल इंडियन मरीनमधला अधिकारी. कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावर गेला आणि १९१२ मध्ये परतीच्या वाटेवर बर्फात तंबूत मेला. वय २८. माझ्याएवढा. मुंबईच्या उकाड्यात, एका भिंतीवर, अंटार्क्टिकात गोठलेल्या माणसाचं नाव आहे. इतक्या लांब मेलेल्या माणसाचीही इथे आठवण ठेवली गेली.

बाबा बाकावर बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "यात घाट खोदणाऱ्यांचं कुणाचं नाव हाय का रं?"

मी गप्प झालो.

बघा, तारखा जुळवून बघा. कसाऱ्यापर्यंत रेल्वे आली १ जानेवारी १८६१ ला. कसारा ते इगतपुरी, म्हणजे आपला थळ घाट, सुरू झाला १ जानेवारी १८६५ ला. मधली चार वर्षं हजारो मजूर बोगदे फोडत होते, दरीवर पूल बांधत होते. कॉलरा, हिवताप, सुरुंगाचे अपघात. त्याच काळात मुंबईत कापसाचा पैसा वाहत होता, तटबंदी पडत होती आणि या चर्चची वेदी मोठी होत होती. खानदेश-वऱ्हाडातला कापूस ज्या घाटानं मुंबईच्या बंदरात उतरणार होता, तो घाट खोदणाऱ्यांतला एकही माणूस आपल्याला नावानं माहीत नाही. कुठल्या भिंतीवर नाही, घाटातही नाही.

मी बाबांना म्हटलं, नाही. इथे नाही.

ते म्हणाले, "नसायचंच. हे त्यांचं देऊळ. त्यांनी त्यांची नावं लिवली. आपण कुठं आपली लिवली?"

रागानं नाही म्हणाले. चहा पिऊ या म्हणतात तसं म्हणाले.

परतीची गाडी

जाताना आम्ही हुतात्मा चौकावरून चाललो. मी त्यांना दाखवलं, इथे तो दरवाजा होता. बाबांनी स्मारकाला हात जोडले. मग आम्ही एक एक वडापाव खाल्ला आणि दुपारची गाडी धरली.

कल्याणनंतर गर्दी कमी झाली. आसनगावला खिडकी मिळाली. आटगाव गेल्यावर मी फोनवर एक फाइल उघडली आणि बाबांना म्हटलं, तुमच्या गँगमधले सांगा. कोण कोण होते, कुठल्या गावचे, कोण गेलं, कसं गेलं.

आधी म्हणाले, कशाला. मग खर्डी येईपर्यंत ते थांबेनात. एक जण दरड बघायला गेला आणि दरडीतच गेला. एकाला गस्तीवर नाग चावला, बाबांनीच त्याला खांद्यावर घेऊन खाली आणला, वाचला तो, अजून आहे. एकाचं नाव आठवेना, फक्त एवढं आठवत होतं की तो बासरी वाजवायचा आणि त्याचा डबा कायम नाचणीच्या भाकरीचा. उंबरमाळी येईपर्यंत सतरा जण झाले. मी प्रत्येकाच्या पुढे जागा लिहीत गेलो, बाबा सांगतील तशी, खांबाच्या नंबरानं.

ती यादी मी इथे वाचून दाखवणार नाही. त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय ते बरोबर नाही. सध्या मी आणि बाबा रविवारी एकेका घरी जातोय. आतापर्यंत सहा घरं झाली. प्रत्येक ठिकाणी आधी "कशाला" आणि मग दोन तास. एका आजींनी त्यांच्या नवऱ्याचा पितळी बिल्ला काढून दाखवला, चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेला. त्या बासरीवाल्याचं नाव मात्र अजून मिळालेलं नाही.

हेलसिंकीतल्या मित्राला मी फोटो पाठवले. चर्चचा एक, मैलाच्या दगडाचा एक, आणि कसारा स्टेशनच्या फलाटावर बसलेल्या बाबांचा एक. त्यानं विचारलं, यातलं तुझ्या शहराचं कुठलं? मी लिहिलं, तिन्ही.

[मागे इंजिनाचा भोंगा]

ऐकलंत? बँकर लागला.

तर मंडळी, तुम्हाला जायचं असेल तर सीएसएमटी किंवा चर्चगेट, दोन्हीकडून चालत जाता येतं. हॉर्निमन सर्कल विचारा, कोणीही सांगेल. प्रार्थनेच्या वेळी गेलात तर शांत बसा, फोटो नंतर काढा. भिंतीवरच्या पाट्या घाईत वाचू नका. आणि येताना आंबेडकर रोडवरून आलात तर फुटपाथकडे लक्ष ठेवा, एखादा रोमन आकडा दिसेल.

आणि एक काम. तुमच्या गावात असा जुना दगड असेल, पूल असेल, विहीर असेल, तर ती बांधताना कोण कोण होतं ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. मला नाही पाठवलंत तरी चालेल. ठेवा मात्र.

कसारा-खर्डी भागात कोणाला घाटातल्या गँगमध्ये बासरी वाजवणारे एक काका आठवत असतील, तर मात्र नक्की कळवा. बाबा वाट बघतायत.

भेटू पुढच्या भागात. गाडी वेळेवर असली तर.